तीस सेकंदांची उधारी

संगणकावर एखादी फाइल जतन केली आणि पडद्यावर तसा निरोप उमटला, की ती डिस्कवर उतरली असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या क्षणी ती बहुधा डिस्कवर नसते. ती मेमरीत, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या जागेत, आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. ही वाट किती वेळ पाहायची, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. आजचा धागा त्या वाट पाहण्याच्या इतिहासाविषयी आहे.

किल्ले, लढाया आणि तहनामे यांच्या धाग्यांमध्ये हा विषय कोठून उपटला, असे अनेक जण विचारतील. उत्तर थोडे खासगी आहे. गेल्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी एका दप्तरखान्यात मोडी कागदांची छायाचित्रे काढत होते. संध्याकाळी दप्तरखाना बंद होण्याच्या घाईत कॅमेऱ्याच्या कार्डावरील १४० छायाचित्रे लॅपटॉपमधून पेनड्राइव्हवर हलवली. ‘कॉपी’ नव्हे, ‘कट’. हिरवी पट्टी शेवटापर्यंत गेली, मी पेनड्राइव्ह उपसला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड नव्या छायाचित्रांनी भरले. आठवड्याने पाहते तो शेवटच्या ३८ फाइलींची नावे जागच्या जागी होती, तारखा होत्या, आणि आकार शून्य. तोवर तो रुमाल संवर्धनासाठी गेला होता. ज्या पत्रव्यवहारावर माझे तिसरे प्रकरण उभे राहायचे, तो त्या ३८ छायाचित्रांत होता.

चूक माझी होती, यात वाद नाही. पेनड्राइव्ह असा उपसू नये, हे शाळेतील पोरालाही ठाऊक असते. परंतु पट्टी पूर्ण झाली असताना काम अपुरे कसे राहिले, हा प्रश्न मनातून जाईना. काम झाले नव्हते, तर झाले असे मला कोणी सांगितले? आणि ते सांगण्याची मुभा त्याला कोणी, केव्हा दिली? इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘केव्हा’ हा प्रश्न सुटत नाही. शोध घेत गेले, ते थेट १९७० च्या दशकात पोहोचले.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था होती. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला घेतली. पुढे ती पीडीपी-११ वर आली. आपल्या खिशातील बहुतेक यंत्रांची वंशावळ या ना त्या वाटेने तेथपर्यंत पोहोचते. पीडीपी-११ ला जोडली जाणारी आरके-०५ नावाची एक डिस्क होती. तिच्यात सुमारे अडीच एमबी मजकूर मावे. तिची तबकडी मिनिटाला १५०० फेरे घेई, म्हणजे एका फेरीला ४० मिलिसेकंद. उलट मेमरीतून एक शब्द वाचायला साधारण एक मायक्रोसेकंद पुरे. अंतर चाळीस हजार पटींचे. मेमरीतील कामाला एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच हिशेबाने तबकडीच्या एका फेरीला अकरा तास लागतात.

आता कल्पना करा, की एखादा कारकून पत्राची एकेक ओळ लिहितो आणि प्रत्येक ओळ झाली की ती घेऊन एक जासूद पुण्याहून दिल्लीला धाडतो. जासूद परत येईपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही. असा दरबार चालणार नाही. शहाणा कारकून पत्र पुरे होऊ देतो, त्याच दिशेची आणखी चार पत्रे जमू देतो आणि मग थैली रवाना करतो. थॉम्प्सन-रिची यांनी नेमके हेच केले. मेमरीचा एक लहानसा भाग त्यांनी डिस्कच्या मजकुरासाठी राखून ठेवला. कार्यक्रमाने ‘हे लिही’ म्हटले की मजकूर त्या राखीव भागात ठेवायचा, ‘लिहिले’ असे उत्तर द्यायचे आणि प्रत्यक्ष डिस्कवर सवडीने उतरवायचे. या राखीव भागाला बफर कॅश म्हणतात. ‘लिहिले’ हे उत्तर आणि प्रत्यक्ष लिहिणे यांची ताटातूट येथे झाली.

हा राखीव भाग किती मोठा होता? १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या मूळ आज्ञावलीत तो आकडा आजही वाचता येतो: १५. प्रत्येकी ५१२ बाइटचे पंधरा कप्पे, म्हणजे एकूण साडेसात केबी. हा धागाच त्यात मावणार नाही. तथापि या चिमुकल्या जागेतही ‘केव्हा लिहायचे’ याचा एक सुबक नियम होता. कार्यक्रमाने कप्पा काठोकाठ भरला असेल, तर तो लगेच डिस्ककडे रवाना करायचा. कप्पा अर्धवट भरला असेल, तर थांबायचे, कारण त्यात आणखी भर पडण्याचा संभव असतो. बाकी, नव्या मजकुरासाठी कप्पा हवा झाला की जुना बाहेर काढावाच लागे. ‘भरले की धाडा, अर्धे असेल तर थांबा’ हा नियम कोणाही पोस्टमास्तराला पटावा असा आहे.

इतका आतला तपशील आपल्याला कसा ठाऊक, याची हकिगत इतिहासाच्या मंडळींना विशेष आवडेल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीची संपूर्ण आज्ञावली छापून घेतली आणि तिच्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने आज्ञावली वर्गात शिकवण्यास मनाई केली. मग या भाष्याच्या छायाप्रती, छायाप्रतींच्या छायाप्रती, हातोहात फिरू लागल्या. पोथ्यांच्या नकला जशा गावोगाव गेल्या, तसाच हा प्रकार. अक्षर पुसट होत गेले, पण मजकूर टिकला. १९९६ मध्ये ते भाष्य उघडपणे ग्रंथरूपाने आले. मूळ ग्रंथावर लिहिलेल्या टीकेने मूळ ग्रंथच जनमानसात पोहोचवावा, हे आपल्याकडे नवे नाही.

मुख्य मुद्द्याकडे येते. ही युक्ती किती धोक्याची आहे, हे तिच्या कर्त्यांना ठाऊक होते काय? होते, आणि त्यांनी ते लपवले नाही. १९७८ मध्ये बेल सिस्टीम टेक्निकल जर्नलने युनिक्सवर एक विशेषांक काढला. त्यात युनिक्सच्या अंतर्गत रचनेवर केन थॉम्प्सन यांचा लेख आहे. बफर कॅशचे फायदे सांगून झाल्यावर ते तिचे तोटेही मोजतात. एक: यंत्र अचानक बंद पडले, तर हिशेबाने पुरे झालेले, पण डिस्कवर न पोहोचलेले बरेच काम मेमरीत अडकलेले असणार, हे जवळजवळ निश्चित. दोन: कप्प्यांतून डिस्कवर जाण्याचा क्रम मूळ क्रमाहून वेगळा असू शकतो, म्हणून डिस्कवरील रचना मध्येच विसंगत अवस्थेत सापडू शकते.

आणि आणखी एक तोटा, जो ते सर्वांत आधी सांगतात. काम मागाहून होत असल्यामुळे ते बिघडले, तर त्याची खबर कार्यक्रमाला देणे जवळजवळ अशक्य होते. ‘लिहिले’ हे उत्तर घेऊन तो कधीच पुढे गेलेला असतो, कदाचित संपलेलाही असतो. युनिक्स या चुकांकडे काहीशी बेफिकिरीने पाहते आणि त्याचे एक कारण ही रचनाच आहे, अशी कबुलीही थॉम्प्सन देतात. हा लेख वाचताना मी येथे थांबले. माझ्या ३८ फाइलींचे उत्तर माझ्या जन्माच्या वीसेक वर्षे आधी छापून आलेले होते. हा तोटा लक्षात ठेवा. चाळीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

त्यावर उपाय काय होता? युनिक्समध्ये ‘सिंक’ नावाची एक आज्ञा होती: मेमरीत अडकलेले सर्व काही डिस्ककडे धाडा. आणि ‘अपडेट’ नावाचा एक इवलासा कार्यक्रम होता. तो दर ३० सेकंदांनी जागा होई, सिंक म्हणे आणि पुन्हा झोपी जाई. रात्रीच्या गस्तीवाल्यासारखे त्याचे काम. यंत्र कोसळलेच, तर साधारण अर्ध्या मिनिटाचे काम बुडावे, त्याहून जास्त नाही, असा हा सौदा. तीसच का, पंधरा किंवा साठ का नाही? कोणत्याही सिद्धान्तातून हा आकडा निघत नाही. अर्ध्या मिनिटाचे टंकलेखन माणूस चरफडत पुन्हा करू शकतो, इतपत तो सोसवणारा आहे, एवढेच मला दिसते. नियतकालिक सिंकने मदत होते, पण प्रश्न सुटत नाही, हेही थॉम्प्सन यांनी त्याच लेखात सांगून टाकले आहे.

यातूनच जुन्या युनिक्सकरांचा एक विधी जन्मला. यंत्र बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा टंकायची, तीही तीन वेगळ्या ओळींवर. त्रिवार आचमनासारखा हा प्रकार पाहून नवखे लोक हसत. कारण मात्र पक्के होते. सिंक ही आज्ञा लिहिण्याची व्यवस्था लावून तत्काळ परत येई. लिहिणे पुरे झाले की नाही, याची हमी देत नसे, आणि पुस्तिकेतही तसे स्पष्ट म्हटले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिंकचा उपयोग एवढाच, की त्या टंकण्यात काही सेकंद जात आणि तेवढ्यात पहिल्या सिंकचे काम उरकत असे. पुढे कोणी तिन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहू लागले आणि विधीचा अर्थच गेला. रूढी टिकते आणि कारण विसरले जाते, याचे इतके छोटे आणि नेमके उदाहरण मी क्वचितच पाहिले आहे.

विलंब हा निव्वळ आळस नव्हता, याचा भक्कम पुरावा १९८५ मध्ये मिळाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन व्हॅक्स-११/७८० यंत्रांवरील फाइलींची ये-जा नोंदवून तपासली. निष्कर्ष असा निघाला, की नव्याने लिहिलेला बहुतांश मजकूर काही मिनिटांच्या आत पुसला तरी जातो किंवा त्यावर दुसरे काही लिहिले जाते. संगणकाच्या पोटात तात्पुरत्या फाइलींचा अखंड पाऊस पडत असतो आणि बहुतेक थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच सुकतात. जे अल्पायुषी आहे ते डिस्कवर उतरवण्याचे कष्ट कशाला? जरा थांबा, ते आपोआप नाहीसे होईल. कॅश काही एमबींची केली, तर डिस्ककडील ९० टक्के किंवा त्याहून अधिक फेऱ्या वाचू शकतात, असेही त्यांच्या गणिताने दाखवले. या अभ्यासानंतर ‘उशिरा लिहिणे’ ही तडजोड राहिली नाही. ती शहाणपणाची रीत ठरली.

पण तात्पुरती फाइल कोणती आणि जन्माची कमाई कोणती, हे ऑपरेटिंग सिस्टीमने कसे ओळखावे? तिच्या लेखी दोन्ही बाइटच. ते फक्त कार्यक्रमाला ठाऊक असते. म्हणून १९८३ मध्ये बर्कलीच्याच ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘एफसिंक’ ही नवी विनंती आली: ही एवढी एक फाइल आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव आणि उतरल्यावरच मला उत्तर दे. दिसायला ही लहानशी सोय. माझ्या मते मात्र या कथेतील जबाबदारीचे सर्वांत मोठे हस्तांतर येथे झाले. यापुढे मजकूर बुडाला, तर ‘तुम्ही एफसिंक का केले नाही?’ असे कार्यक्रम लिहिणाऱ्याला विचारता येणार होते. फाइलीच्या खऱ्या मालकाला, म्हणजे तुम्हाआम्हाला, या कराराची खबरही नव्हती.

आपल्यासारख्यांच्या टेबलावर हा प्रश्न आदळला तो १९९० च्या दशकात. बेल लॅब्जमधील यंत्रांची देखरेख जाणती माणसे करीत. घरगुती संगणकावर एमएस-डॉस चाले आणि तेथे यंत्र बंद करण्याचा कोणताही विधी नव्हता. काम झाले, पडद्यावर सी अक्षराची परिचित खूण परत आली, की सरळ बटण दाबायचे. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आले. त्यातील स्मार्टड्राइव्ह हा घटक लिहिण्याचे काम मागाहून करी. खूण परत आली तरी मजकूर मेमरीतच असू शके आणि जुन्या सवयीने बटण दाबणाऱ्यांचे नुकसान होण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी आलेल्या ६.२ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने वागणूक बदलली: मेमरीतील मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत ती खूण पडद्यावर परत आणायचीच नाही. मला हा उपाय फार प्रामाणिक वाटतो. यंत्राने आपला वेग न सोडता केवळ ‘झाले’ म्हणण्याची वेळ खरी केली.

विंडोज ९५ ने पुढे ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची नारिंगी अक्षरे काळ्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात वाढलेल्यांना ठाऊक आहे, की वीज त्या अक्षरांची वाट पाहत नसे. यूपीएसचा टाहो सुरू झाला, की वडील चहाचा कप टाकून संगणकाकडे धावत. धावण्याचे कारण काय, हे मला आत्ता कळले.

अचानक कोसळण्यावरील खरा तोडगा बँकांचे आणि मोठ्या नोंदींचे काम करणाऱ्या डेटाबेसवाल्यांनी काढला आणि तो आपल्याला ओळखीचा आहे. पेशवे दप्तर चाळलेल्यांना रोजकीर्द आणि खतावणी यांतील फरक सांगायला नको. व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत जसाच्या तसा, क्रमाने नोंदवायचा. खात्यावर चढवणे मागाहून. खतावणी अपुरी राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा बांधता येते. डेटाबेसची नोंदवही हेच करते: बदल आधी नोंदवहीत, ती नोंद डिस्कवर पक्की, मग मूळ जागी बदल सवडीने. आयबीएममध्ये मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने या पद्धतीची जी मांडणी प्रसिद्ध केली, ती आजही डेटाबेसच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. फाइल व्यवस्थांनीही ही वाट धरली. लिनक्सची ईएक्सटी३ ही फाइल व्यवस्था आपली रोजकीर्द दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवी.

येथून कथा रंगते. ईएक्सटी३ च्या नेहमीच्या पद्धतीत एक अट होती: रोजकीर्द उतरवण्यापूर्वी तिच्याशी संबंधित मजकूर आधी डिस्कवर गेला पाहिजे. याचा परिणाम असा, की एखाद्या कार्यक्रमाने आपल्या चिमुकल्या फाइलीसाठी एफसिंक मागितले, तर त्याच्यासोबत इतर सर्वांचा तुंबलेला मजकूरही उतरवावा लागे. एकाने दार उघडायला सांगावे आणि अख्ख्या वाड्याची वरात बाहेर पडेपर्यंत त्याने उंबऱ्यात ताटकळावे, तशी गत. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ची घडण चालू असताना हे चव्हाट्यावर आले. पाहिलेल्या पानांचा इतिहास जपण्यासाठी ते वारंवार एफसिंक करी, आणि पाठीमागे एखादी मोठी फाइल उतरत असेल, तर काही सेकंद सगळेच गोठे. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी धडा घेतला: एफसिंक टाळा. तसेही ईएक्सटी३ पाच सेकंदांत सर्व काही उतरवतेच.

आणि नेमक्या त्याच वेळी ईएक्सटी४ आली. २००८ च्या अखेरीस ती लिनक्समध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. ती अधिक वेगवान होती, कारण मजकुराला डिस्कवर कोणती जागा द्यायची, हा निर्णयच ती लांबणीवर टाकी. पाच सेकंदांची सवय लागलेल्या जगात आता अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक विलंब आला. २००९ च्या आरंभी उबुंटूच्या आगामी ९.०४ आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या. यंत्र कोसळून पुन्हा सुरू झाले, की मांडणीच्या कितीतरी फाइली जागेवर असत, पण आकार शून्य. माझ्या ३८ फाइलींचे थोरले भाऊबंदच म्हणा.

झाले असे होते. फाइल सुरक्षित बदलण्याची एक जुनी रीत आहे: नवा मजकूर निराळ्या फाइलीत लिहायचा आणि मग तिला जुनीचे नाव द्यायचे. म्हणजे कोणत्याही क्षणी जुनी तरी शाबूत असते किंवा नवी तरी. ईएक्सटी४ मध्ये नाव बदलल्याची नोंद रोजकीर्दीतून लवकर पक्की होई आणि मजकूर मात्र मागे राही. मधल्या वेळात वीज गेली, की जुन्या फाइलीवरचे नाव गेले आणि नव्यात मजकूर आलेला नाही. वाड्याची सनद नव्या मालकाच्या नावे झाली, पण वाडा अजून बांधलेलाच नाही.

यावर जो वाद झाला, तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा असा आहे. ईएक्सटी४ चे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की एफसिंक न करता मजकूर डिस्कवर जाईल, असे वचन पॉसिक्स या मानक संहितेने कधीच दिलेले नाही. चूक कार्यक्रम लिहिणाऱ्यांची. विरुद्ध पक्षाचे म्हणणे, की आम्ही वर्षानुवर्षे असेच लिहीत आलो आणि ते चालत आले. शिवाय एफसिंक टाळायला आम्हाला तुमच्याच जुन्या फाइल व्यवस्थेने शिकवले. एका बाजूला लिखित करार, दुसऱ्या बाजूला वहिवाट. वतनाचे तंटे वाचलेल्यांना हा सूर परका वाटणार नाही. त्सो यांचे म्हणणे शब्दशः बरोबर होते. तरीही मला वाटते, की ज्याने पंधरा वर्षे पाणी भरू दिले, त्याने विहिरीला एका रात्रीत कुलूप लावणे बरे नव्हे. अखेर वहिवाट जिंकली. त्सो यांनीच दुरुस्ती लिहिली: जुन्या फाइलीच्या जागी नवी आणताना तिचा मजकूर आधी उतरवायचा. लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत ती आली.

आता थॉम्प्सन यांनी प्रथम सांगितलेल्या तोट्याकडे वळू. आतापर्यंतचे सर्व उपाय ‘वीज गेली तर’ या प्रश्नाचे होते. वीज आहे, यंत्र चालू आहे, पण मागाहून लिहिताना डिस्कनेच नकार दिला तर? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या सुप्रसिद्ध मुक्त डेटाबेसच्या विकासकांसमोर हा प्रश्न उभा राहिला. पोस्टग्रेस आपला मजकूर लिनक्सकडे सोपवी, ठरावीक काळाने एफसिंक मागे, आणि एफसिंक अयशस्वी झाले, तर थोड्या वेळाने पुन्हा मागे. दुसऱ्यांदा यश आले, की सर्व काही उतरले असे समजून जुनी नोंदवही निकालात काढी. रास्त वाटते ना? सुमारे २० वर्षे सर्वांना तसेच वाटत होते.

प्रत्यक्षात लिनक्सचे वागणे निराळे होते. मेमरीतील जो मजकूर अजून डिस्कवर गेलेला नाही, त्याला या शास्त्रात ‘डर्टी’, म्हणजे मळका, म्हणतात. लिहिण्याचा प्रयत्न फसला, की लिनक्स ती चूक एकदा कळवी आणि त्या मजकुरावरची ‘मळका’ ही खूण मात्र पुसून टाकी. दुसऱ्या एफसिंकच्या वेळी मळके काही शिल्लकच नसे. त्यामुळे उत्तर येई, यशस्वी. मजकूर डिस्कवर कधीच पोहोचलेला नसे. शिवाय ती एकदाच कळवायची चूक भलत्याच कार्यक्रमाच्या कानी पडण्याचीही शक्यता होती. गहाळ झालेल्या पत्राची खबर जासुदाने वाटेतील पहिल्या चौकीवर सांगून टाकावी आणि मोकळे व्हावे, तसे.

लिनक्सच्या बाजूने दिलेले कारण वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले. लिहिणे फसण्याचे एक अगदी सामान्य कारण म्हणजे कोणीतरी पेनड्राइव्ह मध्येच उपसलेला असतो. तो आता परत येणार नाही. त्याच्यासाठी राखलेला मजकूर मेमरीत तसाच ठेवला, तर मेमरी भरत जाईल आणि अख्खे यंत्र ठप्प होईल. म्हणून तो टाकून द्यायचा. म्हणजे माझ्यासारख्या उतावळ्यांसाठी केलेल्या सोयीचा फटका डेटाबेसला बसला होता. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपली रीत बदलली: एफसिंक एकदा जरी फसले, तरी पुन्हा विचारायचे नाही, तेथेच थांबायचे, नव्याने सुरू व्हायचे आणि नोंदवहीवरून सारे पुन्हा रचायचे. खतावणीवर विश्वास न ठेवता रोजकीर्दीकडे परत जायचे.

खुद्द डिस्कही या खेळात सामील आहे, हे ओझरते सांगते. तिच्या पोटातही स्वतःची मेमरी असते आणि तीही मजकूर हाती येताच ‘लिहिले’ म्हणू शकते. ॲपलच्या मॅकवर साधे एफसिंक डिस्कची ही आतली मेमरी रिकामी करून घेत नाही. त्यासाठी निराळी, अधिक कडक विनंती करावी लागते. उधारीच्या पोटात आणखी एक उधारी.

आणि ते ३० सेकंद? ते आजही हयात आहेत. लिनक्सवर कोणीही एक आकडा स्वतः उघडून पाहू शकतो. मेमरीतील मजकूर किती जुना झाला की त्याला डिस्कवर धाडायचे, हे तो सांगतो. माझ्या लॅपटॉपवर तेथे ३००० लिहिलेले आहे. एकक सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे तीस सेकंद. गस्तीवाला मात्र आता दर ५ सेकंदांनी फेरी घालतो.

आकडा तोच राहिला, पण त्याच्या पाठीमागचा ढीग तोच राहिला नाही, आणि या सगळ्या वाचनातून मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. १९७५ मध्ये मेमरीत अडकून राहू शकणारा मजकूर साडेसात केबीच्या वर जाऊच शकत नव्हता. कप्पेच पंधरा होते. आज लिनक्सची मूळ ठेवण उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत मळका मजकूर साठू देते आणि त्यानंतरच लिहिणाऱ्याला रोखून धरते. आठ जीबी मोकळ्या असतील, तर दीड जीबीहून अधिक. समोर वेगवान एसएसडी असेल, तर हा ढीग झटक्यात उतरतो. समोर माझा स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल, तर तीस सेकंदांनंतर लिहिण्याची केवळ सुरुवात होते. शेवट केव्हा, ते पेनड्राइव्हच्या गतीवर. हिरवी पट्टी मेमरीत मजकूर पोहोचल्याचे सांगते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसारख्या साधनांसाठी हा विलंबच मुळात बंद ठेवण्याची पद्धत स्वीकारली. वेग थोडा कमी, पण उपसले तरी जोखीम कमी. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे.

रुमाल पाच महिन्यांनी परत आला. तोवर लघुप्रबंध सादर झाला होता, तिसऱ्या प्रकरणात त्या पत्रव्यवहाराच्या जागी दोन परिच्छेदांची सारवासारव होती आणि मार्गदर्शकांनी समासात तेथे एक प्रश्नचिन्ह काढले होते. मी पुन्हा जाऊन छायाचित्रे काढली. या वेळी ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’. पट्टी पूर्ण झाल्यावर काळी खिडकी उघडून सिंक लिहिले. तीनदा नव्हे, एकदाच, कारण लिनक्सवरील सिंक आता काम पुरे होईपर्यंत परत येत नाही. दप्तरखान्याचे शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे होते. ‘‘झालं का, ताई?’’ त्यांनी विचारले. पट्टी केव्हाच पूर्ण झालेली होती. ‘‘नाही, काका, अजून नाही,’’ मी म्हटले. सिंक परत यायला सव्वादोन मिनिटे लागली.